दोन विमानं, एकच तिकीट

प्रताप नगरात माझं नळ-पाइपांचं दुकान आहे. ते मी कुणाच्या मेहेरबानीवर उभं केलं नाही. माल कायम फोडून घेत आलो. पाइप एकाकडून, जोड दुसऱ्याकडून, आणि दोघांनाही एकमेकांचे भाव सांगून. मुलीच्या पदवीदानाला जर्मनीला निघालो तेव्हा तिकिटंही तशीच घेतली: नागपूर-मुंबई एका कंपनीचं, पुढचं दुसरीचं. पाइप गळला की पाइपवाला जोडाकडे बोट दाखवतो आणि जोडवाला पाइपकडे, हे रोज पाहणाऱ्या माणसाने ही चूक करावी!

पहिलं विमान तीन तास उशिरा सुटलं. मुंबईत मी आणि बायको बॅगांची वाट पाहत उभे असतानाच दुसरं उडून गेलं. काउंटरवरचा माणूस मान वर न करता म्हणाला, "आपकी टिकटें अलग-अलग हैं. हमारा उससे कोई लेना-देना नहीं." पोचलो तेव्हा पोरीने पदवीचा काळा झगा परतही करून टाकला होता. त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही.

दोन वर्षांनी तिचं बाळंतपण आलं, तेही जर्मनीतच. सिझेरियन गुरुवारी सकाळी ठरलं.

"त्याच्या आधी मले तिच्याजवळ पोचवा," बायको म्हणाली. "बाकी तुमचा भावताव तुम्ही पाहा."

चौकातला तिकीटवाला म्हणाला, "काकाजी, सुटी सुटी काढली तर स्वस्त पडतीन."

"अन् पहिलं लेट झालं तर? तू नेशीन का गा आम्हाले खांद्यावर बसवून? कंपन्या दोन असू दे, तिकीट एकच पाहिजे."

आपसात करार असलेल्या दोन कंपन्या त्याने शोधल्या. मग मी भाव पाडायला बसलो.

"आता माझं कमिशनच घेऊन जा न, काकाजी!"

"दे."

नागपूरच्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने बॅगांना फक्त मुंबईपर्यंतची चिठ्ठी लावली. ती मी वाचली आणि माझा आवाज चढला.

"हळू बोला न, लोक पाहून राहिले," बायको कुजबुजली.

"पाहू दे वं!"

मुलीने पडद्यावर पाहिलं, चिठ्ठ्या फाडल्या आणि थेट जर्मनीच्या लावल्या.

विमान याही वेळी उशिरा सुटलं. मुंबईत पुढचं विमान गेलेलं होतं. काउंटरवरच्या साहेबाने दोन दिवसांनंतरच्या जागा देऊ केल्या, म्हणजे नातवंड झाल्यावरच्या. मी तिकीट त्याच्यासमोर आपटलं.

"टिकट एक है. पहुँचाना आपका काम है. और आज."

"सर, हमारी आज कोई फ्लाइट नहीं है."

"दूसरी कंपनी की देखो. मैं यहीं खड़ा हूँ."

पाऊण तास उभा होतो. शेवटी तिसऱ्याच कंपनीच्या विमानात दोन जागा निघाल्या, एक रुपयाही न देता. बॅगाही त्यांनीच हलवल्या. जेवणाची कुपनं द्यायची ते विसरले होते, ती मी मागून घेतली. बायकोसाठी खिडकीची जागासुद्धा.

बुधवारी संध्याकाळी पोरीने स्वतः दार उघडलं. आईला पाहून तिने तिला मिठी मारली. "वेळेवर आलीस?" एवढंच म्हणाली.

"तुझे बाबा भांडले न," बायकोने सांगितलं.

माझ्या भांडणांबद्दल बायकोने आयुष्यभर तक्रारच केली आहे. त्या संध्याकाळी मात्र जावयाला सगळी हकीकत सांगताना मी न मारलेल्या दोन-चार आरोळ्याही तिने पदरच्या घातल्या. मी दुरुस्ती केली नाही.