पंखा सुरू झाला की बूस्ट कमी

एखादी गोष्ट नक्की माहीत नसताना ती समोरच्याला सांगून त्याला घाबरवायचं, की खात्री होईपर्यंत गप्प बसायचं? मला याचं उत्तर खरंच माहीत नाही. दुपारपासून डोक्यात तेवढंच फिरतंय...

आज चाकणला आमच्या वर्कशॉपमध्ये निखिलची गाडी शेवटच्या टेस्टला उभी होती. निखिल हिंजवडीत आयटीत आहे. संध्याकाळी बायको आणि लहान मुलीला घेऊन घाटातून कोकणात निघायचं होतं, त्यामुळे गाडी आज हवी म्हणजे हवीच होती.

काम तसं नेहमीचं. टर्बो इंजिनात जास्तीची हवा दाबून भरली जाते, त्या दाबाला बूस्ट म्हणतात. तो दाखवणारा काट्याचा मीटर आम्ही डॅशबोर्डवर बाहेरून बसवला होता आणि त्याच्या सेन्सरची वायर लॉगरमध्ये घेतली होती. लॉगर व्होल्ट मोजतो, लॅपटॉपमधलं सॉफ्टवेअर त्यावरून दाबाचा ग्राफ काढतं. वायरिंग वर्कशॉपचे मालक महेशदादा स्वतः करतात. सॉफ्टवेअर माझ्याकडे.

टेस्टच्या फेरीत ग्राफवर बूस्ट हवा त्यापेक्षा कमी दिसत होता. पण मीटरचा काटा त्याच्या बराच वर होता.

"कमी पडतोय. वाढव थोडा," दादा स्टिअरिंगवरून म्हणाले.

मी काट्याकडे बोट दाखवलं. "आगं, काटा शोभंला असतोय," ते हसले. "लॅपटॉप खोटं बोलंल व्हय? तूच सेट केलायस की."

तेच तर... आमच्या घरात मी पहिली ग्रॅज्युएट. काळेवाडीच्या आमच्या दोन खोल्यांत मी 'कॉम्प्युटरवर बघितलं' म्हटलं की वाद संपतो, पप्पाही पुढे विचारत नाहीत. वर्कशॉपमध्येही हल्ली तसंच व्हायला लागलंय. आणि बूस्ट प्रमाणाबाहेर वाढवला तर इंजिन फुटतं. घाटात, चढावर, मागच्या सीटवर लहान मूल असताना.

वर्कशॉपला परत आल्यावर मी म्हटलं, "दादा, आत्ता वाढवायला नको."

"का?"

"माहीत नाही. दोन आकडे जुळत नाहीयेत."

निखिल घड्याळ बघत होता. "मॅडम, काटा-बिटा सोडा हो. मिसेस आधीच म्हणतेय, गाडीशीच लग्न करायचं होतं ना!" दादा खो खो हसले. मला हसू येईना. उगाच थांबवलं आणि काहीच निघालं नाही तर?

गाडी नुसती चालू ठेवून मी ग्राफ बघत बसले. एसी चालू होता. रेडिएटरचा पंखा सुरू झाला आणि ग्राफ झपकन खाली आला. ॲक्सिलरेटरवर कुणाचाही पाय नव्हता, काटाही हलला नव्हता. पंखा थांबला, ग्राफ वर. पुन्हा पंखा... पुन्हा खाली.

दादांची जुनी सवय आहे, अर्थिंगची वायर हाताला येईल त्या बोल्टला मारायची. 'सगळी बॉडी अर्थच हाय की,' म्हणतात. लॉगरची अर्थ त्यांनी पंख्याच्याच बोल्टला मारली होती. पंखा करंट ओढायला लागला की तिथलं शून्य शून्य राहत नव्हतं, आणि सेन्सरचे व्होल्ट आहेत त्यापेक्षा कमी मोजले जात होते. आणि मी सॉफ्टवेअरमध्ये शून्य सेट केलं होतं ते इंजिन बंद, पंखा बंद असताना. उभ्या गाडीत सगळं बरोबरच दिसणार ना...

दादा वाकून बोल्टकडे बघत राहिले. "च्यायला," एवढंच म्हणाले. मग लॉगरची अर्थ थेट सेन्सरच्या अर्थला जोडून दिली. पुन्हा फेरी मारली तर काटा आणि ग्राफ जुळले. बूस्ट आधीच पुरेसा होता. वाढवायची गरजच नव्हती.

निखिल खूश. किल्ली घेताना म्हणाला, "अक्षयची गाडी पण काय पळतेय राव आता! त्यानंच तर तुमच्याकडे पाठवलं."

दादांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे.

अक्षयची गाडी आम्ही गेल्या आठवड्यात केली. मीटर असाच, वायरिंग दादांचं, शून्य मी सेट केलेलं. आणि ग्राफ कमी दिसतोय म्हणून त्या गाडीचा बूस्ट आम्ही वाढवून दिला होता.

निखिल गेल्यावर दादा हळू आवाजात म्हणाले, "लगेच कळवू नको. त्याची अर्थ कुठल्या बोल्टला हाय, मलाबी आठवंना. सोमवारी सहज म्हणून बोलावू, बघू, मंग सांगू. उगं गिऱ्हाईक बिथरलं तर चार जणांत बोभाटा व्हईल."

त्यांचं अगदीच चूक नव्हतं. हे वर्कशॉप त्यांनी एकट्याच्या हिमतीवर उभं केलंय, लोक त्यांच्या नावावर येतात. कॉलेजातून आलेल्या मला गाड्यांना हात लावू दिला तोही त्यांनीच. कदाचित अक्षयची वायर चांगल्या बोल्टला असेलही. पण सोमवारपर्यंत तो गाडी पळवणार होता, आणि त्याला तसं करायचा भरवसा माझ्या ग्राफनं दिला होता.

दादा चहा सांगायला बाहेर गेले. परत आले तेव्हा मी फोन खाली ठेवत होते.

"दादा, अक्षयला सांगितलं. आमचं मोजमाप चुकलं असेल, खात्री नाही, पण गाडी अजिबात दामटू नका, हळूहळू इकडे घेऊन या."

त्यांनी चहाचा कप माझ्यासमोर ठेवला आणि पाना शोधायला लागले... अक्षय हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये आहे. तो येईपर्यंत आम्ही दोघंही थांबलोय.