टपावर भरपूर रेंज

सिरसाळ्याचे शिवशंकरदादा एका जागी दहा मिनिटं बसलेले कुणी पाहिले नव्हते. पंधरा वर्षं सरपंचकी केली, तीही बहुतेक उभ्यानंच. बांधाचं भांडण असो, सोयरीक असो, जळालेला ट्रान्सफॉर्मर असो, गावाचा पहिला फोन दादांना. जेवतानाही मोबाइल ताटाशेजारी. वाजला की डाव्या हातानं उचलायचे आणि उजव्या हातातला घास तसाच वाळायचा. सत्यभामाबाईंनी चाळीस वर्षं हे सोसलं. साठी उलटल्यावर त्यांनी एकच हट्ट धरला, मला समुद्र दाखवा.

दादांना नाही म्हणवेना. त्यांनी अट घातली, गाव फोनवर पाहिजे. एक जुनी ट्रॅव्हलर घेतली, तिच्यात पलंग, शेगडी, पाण्याची टाकी बसवली, आणि धारूरच्या अजिनाथकडून टपावर इंटरनेटचा अँटेना बसवून घेतला. परातीएवढा पांढरा घुमट, तिथून खाली आलेली वायर आणि पलंगाच्या उशाला राऊटरची डबी. डबीत दोन कंपन्यांची सिमं. जिची रेंज बरी, ती डबी आपसूक धरणार आणि दादांचा मोबाइल डबीच्या वायफायवर चालणार. "घाटात बी फोन वाजंल, दादा," अजिनाथ म्हणाला.

गाडी निघाली. डबीवरचे चारी दिवे हिरवे होते. फोन काही वाजला नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी एकदाचा वाजला तेव्हा दादा चालत्या गाडीत ताडकन उभे राहिले आणि डोकं टपाला आपटून घेतलं. कॉलर ट्यून बदलता का, असं विचारणारी मुलगी होती. दादांनी तिच्याकडून सगळी योजना दोनदा समजून घेतली.

गाव कधीही बोलावील म्हणून जिल्ह्याबाहेर पडायला त्यांचा जीव धजेना. अंबाजोगाई झाली, नारायणगड दोनदा झाला. गडावर सत्यभामाबाई हात जोडून उभ्या असताना दादा गाडीच्या मागच्या शिडीवरून टपावर चढून घुमटावरची धूळ उपरण्यानं पुसत होते. पाचव्या दिवशी न राहवून त्यांनी स्वतःच मुलाला, युवराजला फोन लावला.

"राधाकिशनच्या बांधाचं काय झालं?"

"मिटलं, दादा."

"मिटलं? कुणी मिटवलं?"

"त्यांचे त्यांनीच, बसून. तुमी फिरा की निवांत."

निवांत हा शब्द दादांना शिवीसारखा लागला. रात्रभर कूस बदलून सकाळी त्यांनी ड्रायव्हर बंकटला गाडी धारूरला घ्यायला लावली. यंत्रातच काहीतरी खोट आहे, हे त्यांच्या मनानं घेतलं होतं.

अजिनाथ टपावर चढला, वायरी हलवून पाहिल्या, स्क्रू आवळले. खाली येऊन त्यानं आपल्या मोबाइलवरून दादांना फोन लावला. तो असा खणखणीत वाजला की रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली.

"रेंज भरपूर हाय, दादा," तो चाचरत म्हणाला. "फोन येईनात, त्येला अँटेना काय करंल?"

दादा गाडीत येऊन बसले. मग एकदम त्यांचं लक्ष बायकोकडे गेलं. सत्यभामाबाई खाली मान घालून शेंगा सोलत होत्या.

"तू काय केलंस?"

"आवं, मीच सांगितलतं समद्यांला. ह्यांना फोन करू नका म्हणून."

"कावून?"

"तुमी जरा बसावं म्हणून."

दादा संतापतील असं त्यांना वाटलं होतं. झालं उलटंच. सहा दिवसांत उतरलेला चेहरा एकदम फुलला. "तरी म्हणलं! माझ्याबिगर गाव कसं राहील?" मांडीवर थाप मारून ते हसले. "बंकट, फिरव गाडी. सिरसाळ्याला घे. लोक खोळंबले असतील!"

बंकटनं चावी फिरवली. सत्यभामाबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. गप्प बसलं तर ह्यांचा मान राहतो. पण आता घरी गेलं की पुन्हा निघणं नाही, हे त्या ओळखून होत्या.

"मी दोनच दिवस फोन करू नका म्हणलं होतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आज सहावा हाय."

दादा हसत होते, ते हसू तोंडावर तसंच राहून गेलं. त्यांनी बोटांवर वार मोजले. पुन्हा एकदा मोजले. बोलून गेल्याचं सत्यभामाबाईंना फार वाईट वाटलं. शब्द गिळता आले असते तर त्यांनी गिळले असते.

गाडी सिरसाळ्याच्या रस्त्याला लागण्याआधी दादांनी बंकटच्या खांद्यावर हात ठेवला.

"थांब."

"काय इसरलं का, दादा?"

"न्हाई. समुद्र कुणीकडं हाय बे?"

बंकटनं गाडी वळवली. सत्यभामाबाईंना हवं होतं ते मिळालं, आणि त्या पदर तोंडाला लावून रडायला लागल्या.