मरीयेच्या भागाला मिशा

"बायबलात असेल तर दाखवा, मॅडम," योहानकाका म्हणाले. "नसेल तर चहा घ्या आणि देवासची गाडी पकडा."

मी चहा घेतला. गाडी पकडली नाही.

धारच्या चर्चच्या पंच कमिटीची मीटिंग चालू होती. योहानकाका सेक्रेटरी. रिटायर्ड हेडमास्तर. माझ्या वडिलांचे मित्र, लहानपणी मला खांद्यावर घेऊन फिरलेले. पण कमिटीत मी 'मॅडम' होते, आणि तो शब्द ते चिमट्यात धरल्यासारखा उच्चारायचे.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल. मी एका थिऑलॉजिकल कॉलेजात नवा करार शिकवत होते. सुटीत देवासला आईकडे आले की आजूबाजूची चर्चेस प्रवचनाला बोलवायची. त्या वर्षी ईस्टरच्या आठवड्यासाठी धारहून बोलावणं आलं. बोलावताना माझा विषय काय आहे, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

विषय सोपा आहे. बायबलात बायका कुठे आहेत ते शोधायचं, आणि वाचणाऱ्यांनी त्यांना कुठे हरवलं तेही. माझे सहकारी याला 'एस्तरचं महिला मंडळ' म्हणायचे. मी रागवायचे आणि पुढचा पेपर लिहायला घ्यायचे.

कमिटीपुढचा अर्ज मनोरमाचा होता, आणि मी तिच्या बाजूने बोलायला गेले होते. मनू माझी देवासची शाळासोबतीण. धारला हॉस्पिटलात नर्स. तिची आई, राहेलमावशी, शेवटी तिच्याकडेच राहायला आली होती आणि आदल्या पावसाळ्यात वारली. पण धारला एक रीत होती. बायका कबरस्तानात जात नसत. फाटकापाशी थांबायच्या. मनूही थांबली. एकुलती एक मुलगी, आईला शेवटच्या आजारात एकटीने सांभाळलेली, आणि माती द्यायला कोण, तर कमिटीचे पुरुष.

ईस्टरच्या पहाटे सगळे पुरुष भजनं म्हणत कबरस्तानात जायचे, कबरींवर फुलं ठेवायचे. मनूला एकदा त्यांच्याबरोबर जायचं होतं. मे महिन्यात तिची बदली नागपूरला व्हायची होती. म्हणजे हा ईस्टर, नाहीतर मग राहिलंच.

"काका, ही रीत आली कुठून?" मी विचारलं.

"इथलीच आहे. सगळ्या माळव्याची."

"म्हणजे शेजाऱ्यांची. आपली नाही."

"शेजाऱ्यांतच राहायचंय ना आम्हाला? तुम्ही कॉलेजात राहता. उद्या चौकात लोक म्हणतील, किरिस्तावांच्या बाया मसणात हिंडतात. ऐकायचं कुणी? आम्हीच ना?"

माणूस खोटं बोलत नव्हता. म्हणून जास्त राग आला.

गुरुवारच्या प्रवचनात मी सगळा दारूगोळा बाहेर काढला. चारही शुभवर्तमानांत पहाटे कबरेकडे कोण जातं? बायका. कोण कोण होत्या यावर चौघांचं एकमत नाही, पण बायका होत्या यावर आहे. मी जुन्या हस्तलिखितांबद्दल बोलले, ग्रीकबद्दल बोलले. लोक माना डोलवत होते. संपल्यावर एकजण म्हणाले, "बहुत बढ़िया, मॅडम. एकदम विद्वत्तापूर्ण." आणि चपला घालून घरी गेले. पालथ्या घड्यावर पाणी.

रात्री मनू म्हणाली, "जाऊ दे गं. तू कशाला वाईटपणा घेतेस?" तिच्या तोंडून ते ऐकून मला फार वाईट वाटलं.

शनिवारी संध्याकाळी चर्चमध्ये वाचनाची तालीम होती. पहाटे कबरस्तानात योहानाच्या शुभवर्तमानातला तो उतारा भाग वाटून वाचायची तिथली पद्धत. एक निवेदक, एक येशू, एक देवदूत, एक मरीया मग्दालीया. आणि बायका तिथे नसल्यामुळे मरीयेचा भाग हॉस्पिटलचे कंपाउंडर पीटरभाऊ वाचायचे. भरदार मिशा, ढोलासारखा आवाज. वर्षानुवर्षं तेच मरीया. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. भाऊ मन लावून वाचायचे, हेही सांगितलं पाहिजे.

मनू मागे सतरंजीवर बसून सकाळसाठी मोगऱ्याचे गजरे करत होती. फुलं बायकांनीच ओवायची, पुरुषांनी न्यायची.

निवेदक योहानकाका. तालीम मरीयेच्या रडण्यापर्यंत आली. देवदूत तिला का रडतेस म्हणून विचारतो, आणि ती सांगते की माझ्या प्रभूला नेलं, त्याला कुठे ठेवलंय ते मला माहीत नाही. पीटरभाऊंनी आपल्या खर्जात ते वाचलं.

मनू उठली. ओटीतली फुलं सतरंजीवर सांडली.

"भाऊ, हे माझं वाक्य आहे," ती म्हणाली. "माझ्या आईला कुठे ठेवलंय ते मला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे. तुम्ही होतात तिथे."

पीटरभाऊंनी पुस्तक खाली ठेवलं. "मी नाही वाचणार, काका," ते म्हणाले. "तिच्या देखत तर नाहीच."

आमच्या धंद्यात एक शब्द आहे, एक्झेजेसिस. म्हणजे उतारा काय म्हणतो ते आधी नीट बघायचं, आपल्या मनातलं त्यात घुसडायचं नाही. विद्यार्थ्यांना मी पहिला प्रश्न शिकवते: प्रसंगात कोण कुठे आहे? गुरुवारी मी सगळं सांगितलं होतं, हे सोडून.

"काका," मी म्हटलं, "या उताऱ्यात पहाटे पुरुष कुठे आहेत?"

त्यांनी चष्मा सारखा केला. पान उलटलं. बराच वेळ वाचत राहिले. हेडमास्तर होते, चुकीचं उत्तर देणं त्यांना जमलं नसतं.

"घरी," ते म्हणाले. "मरीया सांगत येते, तेव्हा पेत्र आणि दुसरा शिष्य धावत येतात."

"तो दुसरा शिष्य कोण?"

"योहान म्हणतात." मग जरा थांबून, "धावणं मला जमायचं नाही. गुडघे आहेत."

"चालत या, काका," पीटरभाऊ म्हणाले. "मी पेत्र. मी तुमच्याबरोबर हळू येतो."

योहानकाकांनी पुस्तक मिटलं. "फुलं गोळा कर, मनोरमा," एवढंच म्हणाले.

पहाटे बायका पुढे निघाल्या. सगळ्या नाही. काही घरीच राहिल्या, काही फाटकापर्यंत येऊन थांबल्या. आत गेलो त्या आम्ही मोजक्याच. मनूने मरीयेचा भाग वाचला आणि ठरल्याप्रमाणे, मागून येऊन फाटकाबाहेर थांबलेल्या पुरुषांना बोलवायला गेली. मी तिच्या मागे होते.

रस्त्यावर दुधाच्या बरण्या लावलेली सायकल धरून एक ओळखीचा दूधवाला थांबला होता. "क्यूँ काका, आज बाया आगे?"

याच प्रश्नाची तर भीती होती काकांना.

"हाँ भिया," योहानकाका म्हणाले. "हमारी किताब में ऐसाच लिखा है. हमने ही आज ध्यान से पढ़ा."

मग ते आत आले, आणि मनूच्या पुढे चालू लागले, कारण वाट त्यांनाच माहीत होती. कडुलिंबाखाली एका उंचवट्यापाशी थांबले. वर नुसते दगड रचलेले होते. "ही तुझी आई," म्हणाले. मनू खाली बसली आणि हाताने मातीवरचा पाला बाजूला करत राहिली, जणू आईची गादी झटकत होती. फुलं ठेवायचं तिला बऱ्याच वेळाने सुचलं. मी रडले. लपवायचं कारण नाही.

योहानकाका जरा पलीकडे त्यांच्या बायकोच्या कबरेपाशी उभे होते. मला म्हणाले, "एस्तर, आमची मुलगी भोपाळला असते. तिने आईची कबर पाहिलेली नाही. मी कधी आणलंच नाही तिला." पुढच्या वर्षी आणली. मरीयेचा भाग तिनेच वाचला.

नंतर मी बरेच पेपर लिहिले. त्यांतल्या एकाचीही एवढी अंमलबजावणी झाली नाही. त्या आठवड्यात शिकले ते कॉलेजात शिकवत नाहीत: रीत बदलायची असेल तर ती सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याला नव्या रीतीत एक मानाचं काम ठेवा.

पीटरभाऊ मात्र थोडे खट्टू झाले होते. इतक्या वर्षांचा भाग हातातून गेला. पेत्राला त्या उताऱ्यात एकही वाक्य नाही, ही त्यांची तक्रार. शेवटी त्यांना देवदूत केलं. मिशा तशाच राहिल्या.