बाबांच्या बाजूला गरम नव्हतं

२०१६ चा फेब्रुवारी. इथे दक्षिण गोलार्धात, न्यू लिनमध्ये ऐन उन्हाळा, आणि माझ्या जुन्या दोन सीटच्या स्पोर्ट्स कारमध्ये बसवत नव्हतं. हीटर बंद, खिडक्या उघड्या, तरी आत नुसती भट्टी...

बाबा तेव्हा पुण्याहून माझ्याकडे राहायला आले होते. आयुष्यभर कारखान्यात मेंटेनन्स सांभाळलेला माणूस, इथे दिवसभर घरात बसून कंटाळलेला. "आपण दोघं मिळून कारण शोधू गं," म्हणाले. बऱ्याच दिवसांनी खूश दिसले.

आधी हीटरकडे जाणारा गरम पाण्याचा पाइप बंद केला. व्हेंटमधली गरम हवा थांबली, पण गाडी तापायची ती तापायचीच. म्हणजे उष्णता खालून येत होती.

शनिवारी दुपारी मोटरवेवर लांब चक्कर मारली. गिअरच्या बुडाशी हात धरवत नव्हता. बाबा सवयीप्रमाणे चपला काढून, तळपाय खाली टेकवून बसलेले.

"बाबा, तुमच्या बाजूला पायाशी गरम लागतंय का?"

"नाही गं. एकदम नॉर्मल."

म्हणून मी माझ्याच बाजूला शोधत राहिले. गिअरखालचं रबर फाटलंय, तिथूनच येत असणार, असं ठरवून घरी आलो.

बाबा पाणी प्यायला किचनमध्ये गेले आणि फरशीवर त्यांच्या उजव्या पावलाचे ओले ठसे उमटले. काहीतरी सांडलंय समजून मी फडकं घेऊन वाकले... अंगठ्याखाली मोठा फोड येऊन फुटला होता. त्यांना पत्ताच नव्हता.

गाडीकडे धावले. त्यांच्या पायाखालच्या मॅटवर हात टेकवला आणि झटकन काढून घेतला. खाली वाकून बघितलं, तर एक्झॉस्टची उष्णता अडवणारा पत्रा गंजून कधीच गळून पडला होता.

क्लिनिकमध्ये नर्सने बाबांना डोळे मिटायला लावले. स्पर्श जाणवला की येस म्हणा, म्हणाली. मग नायलॉनचा बारीक दोरा तळव्याला टेकवत गेली... अंगठा, मधला भाग, टाच. बाबा गप्प.

थोड्या वेळाने मिटल्या डोळ्यांनीच त्यांनी मला विचारलं, "सुरू केलं का गं तिने?"



शुगरमुळे तळपायांची संवेदना गेली होती. घरी येताना म्हणाले, "चप्पल पायातून निसटली तरी हल्ली कळत नाही. सांगितलं असतं तर तू मला बरोबर येऊच दिलं नसतंस."

जखम चिघळत गेली. शेवटी अंगठा काढावा लागला, आणि बाबा व्हीलचेअरवरून विमानात बसून परत गेले. नवा पत्रा बसवायला अर्धी दुपारसुद्धा लागली नाही...

तुमच्या घरात कुणाला शुगर असेल तर पाय कसे आहेत, असं नुसतं विचारू नका. ते बरे आहेत असंच सांगतील. खाली बसा, तळपाय हातात घ्या आणि स्वतः बघा.