बद्द आवाज

छंद म्हटला की लोकांना उगाच कौतुक वाटतं. कुणी तिकिटं जमवतो, कुणी कुंड्यांत झाडं लावतो, तसा हा फिटर जुन्या सायकली आणून नव्यासारख्या करतो आणि विकतो. "रिटायर झाल्यावर माणसाने असं काहीतरी धरून बसावं," असं शेजारी म्हणतात. म्हणायला त्यांचं काय जातं! माणसाने छंद धरलाय की छंदाने माणसाची मानगूट धरलीय, हे बघायला त्यांच्यातलं कुणी शेडमध्ये पाऊल टाकत नाही.

एकतीस वर्षं कारखान्यातली यंत्रं दुरुस्त केली म्हणून सगळे त्याला फिटर म्हणतात. बायको तेवढी "अहो" म्हणते. घरामागे पत्र्याची शेड आहे. भिंतीवर खिळ्यांना पाने टांगलेले, आणि प्रत्येक पान्यामागे त्याचीच आकृती काळ्या रंगाने काढलेली. एखादा पाना जागेवर नसला की भिंतीवर त्याची नुसती सावली दिसते. खाली रॉकेलचं पातेलं. ते मूळचं स्वयंपाकघरातलं. ते शेडमध्ये कसं गेलं, यावर नवरा-बायकोचं अजून एकमत झालेलं नाही.

भंगारातून सायकल आली की फिटर ती आधी पार उघडी करतो. साखळी रॉकेलमध्ये, छर्रे ताटलीत, नटबोल्ट डब्यात. मग गंज घासून काढायचा, चाकांचा आऊट म्हणजे वाकडेपणा काढायचा, दोन हात रंग द्यायचा. रंग वाळला की बारीक ब्रशने मडगार्डवर दोन पिवळसर रेघा ओढायच्या. त्या रेघा ओढताना तो श्वास रोखून धरतो, त्यामुळे त्या वेळी त्याच्याशी कुणी बोललेलं त्याला चालत नाही. सगळं झालं की सायकल पालथी घालून, पायडल जिथे फिरतात त्या नळीच्या बुडाला पंचाने तीन टिंबं उमटवायची. ही त्याची सही. आणि गिऱ्हाईक यायच्या आधी शेवटचं काम म्हणजे पुढचं चाक ज्यात बसतं त्या चिमट्यावर पान्याने हलकेच टोला द्यायचा आणि कान लावायचा.

"मडकंसुद्धा वाजवून घेतात, ही तर सायकल आहे," असं तो गिऱ्हाइकांना ऐकवायचा. चिमटा खणखणीत वाजला तर पोलाद एकसंध आहे. आत कुठे चीर असली तर आवाज बद्द येतो, फुटक्या मडक्यासारखा. चीर डोळ्याला दिसत नाही, कानाला मात्र लपत नाही.

गेली कित्येक वर्षं तो सगळंच वाजवून बघतो. कप, खिडकीचे गज, जिन्याचा कठडा. जेवताना ताटाला चमचा लागला तरी मान वर करतो.

"आता माझं डोकं तेवढं राहिलंय वाजवायचं," बायको म्हणते.

पूर्वी असतं तर त्याने चोख उत्तर दिलं असतं. आता तो ताटाकडे बघत बसतो. आणि शेडमध्ये खिडकीशेजारच्या खिळ्यावर एक चिमटा टांगलेला आहे, चांगला, बिनचिरीचा. दर महिन्याला तो त्याला तेलाचा हात फिरवतो, पण कुठल्याही सायकलीला लावत नाही. बायकोने दोनदा विचारलं होतं. "राहू दे," एवढंच उत्तर मिळालं. दुसऱ्यांदा ते अशा आवाजात मिळालं की तिने तिसऱ्यांदा विचारलं नाही.

तर ही गोष्ट बारा वर्षांपूर्वीची. तेव्हा फिटर नोकरीत होता आणि रविवार तेवढा सायकलींचा होता. शिवणकाम करणाऱ्या एक बाई त्याच्याकडे आल्या. शिवलेले कपडे घरोघरी पोचवायला त्यांना लेडीज सायकल हवी होती. फिटरकडे एक मरून रंगाची तयार होत आली होती. तिचा चिमटा वरच्या जोडापाशी तडकलेला होता, तो त्याने पितळेची झाळ देऊन सांधला होता, वरून लांबी म्हणजे पुट्टी भरून रंग दिला होता. "पुढच्या रविवारी घेऊन जा," तो म्हणाला. आणि फिटरचा शब्द म्हणजे शब्द, अशी त्याची ख्याती होती. ख्यातीचा त्याला जरा माजही होता.

रविवारी बाई दारात आल्या तेव्हा तो चिमटा वाजवत होता. आवाज बद्द आला.

त्याने पुन्हा वाजवला. पुन्हा बद्द. झाळ आतपर्यंत गेली नव्हती, चीर तिथेच होती. आता सायकल पुन्हा उघडायची, रंग खरवडायचा, त्या मापाचा दुसरा चिमटा शोधायचा म्हणजे दोन-तीन आठवडे. आणि या बाईंना सांगायचं काय, की माझ्या हातून काम बिघडलं? बाई हँडलवरून हात फिरवत होत्या. घंटी वाजवून हसत होत्या. फिटरने स्वतःची समजूत घातली, की छर्रे सैल असतील, म्हणून आवाज तसा येतोय. पंच उचलला, सायकलीकडे बघितलं, आणि पंच परत ठेवून दिला. त्या एका सायकलीवर त्याने टिंबं उमटवली नाहीत.

"महिन्याने एकदा आणा, सगळं आवळून देतो," तो म्हणाला.

त्याच्या मनात होतं की तेव्हा गुपचूप चिमटा बदलून टाकू. पंधरा दिवसांत त्याने त्या मापाचा चिमटा पैदाही केला. बाई आल्याच नाहीत. त्याने त्यांचा पत्ता घेतला नव्हता. चार-पाच शिलाईच्या दुकानांत चौकशी केली, मग सोडून दिली. इथे फिटरची बाजू घेण्यात अर्थ नाही. चौकशी सोडली तेव्हा त्याला सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि ते किती दिवस टिकलं, तर जेमतेम आठवडा. मग रस्त्यात लेडीज सायकल दिसली की त्याचे डोळे चाकाकडे जायला लागले. मागून घंटी वाजली की पाठीतून कळ जायला लागली. भंगारात जुनी सायकल आली की तो धावत जायचा आणि सगळ्यात आधी ती पालथी घालून बघायचा. तीन टिंबं दिसली की जीव भांड्यात पडायचा. टिंबं नसली की तिथेच उकिडवा बसून चिमटा वाजवायचा. लोक म्हणायचे, फिटरचा छंद वाढला. बारा वर्षांत पाऊणशे सायकली त्याने उभ्या केल्या असतील. हवी ती एकच होती, आणि ती सापडू नये असंही त्याला रोज वाटत होतं.

या मंगळवारी सकाळी भंगारवाल्याने निरोप पाठवला. भंगारवाला त्याचा जुना दोस्त, तोंडाचा फटकळ.

"ये, फिटर. तुझ्यासाठी एक म्हातारी ठेवलीय. दात पडलेत, पाय मोडलाय, पण तुझा काय नेम, तू तिलाही नटवशील."

सायकल पत्र्यांच्या ढिगाला टेकवून ठेवली होती. पुढचं चाक नव्हतं. चिमट्याचा एक पाय जागेवर होता, दुसरा जोडापासून तुटून कॅरिअरला सुतळीने बांधलेला होता. गंजाखाली रंग कुठला ते कळत नव्हतं. फिटरने मागच्या मडगार्डवरून अंगठा फिरवला आणि त्याला दोन पिवळसर रेघा दिसल्या. आपलं अक्षर आपल्याला कळतं तसं ते होतं. त्याने सायकल पालथी घातली. बुड कोरं होतं.

त्याने सुतळी सोडली. तुटलेली कड जुनी होती, गंजून तपकिरी झालेली. फक्त एका बाजूला, नखाएवढ्या रुंदीत, पितळ चकाकत होतं. बाकी सगळीकडे झाळ पोचलीच नव्हती. सवयीने त्याने त्या तुटक्या पायावर पाना मारला. आता तो खणखणीत वाजला. चीर तुटण्यात संपली होती.

"कुणाची?" त्याने विचारलं.

"पाण्याच्या टाकीमागे शिवणवाल्या बाई राहतात ना, त्यांची. मी दरवर्षी मागायचो, देत नव्हत्या. माळा रिकामा करायला काढलाय, आता घेऊन जा म्हणाल्या. अरे, तुला घाम कशाने आलाय?"

फिटर तुटका पाय पिशवीत घालून घरी आला. खिडकीशेजारच्या चिमट्याखाली स्टुलावर बसला. बायको पातेलं बघायला म्हणून आली आणि त्याचं तोंड बघून दारातच थांबली. मग त्याने सगळं सांगितलं. बारा वर्षांत पहिल्यांदा.

"त्या बाई आहेत ना? जिवंत?" तिने शेवटी विचारलं.

"भंगारवाल्याशी बोलल्यात, म्हणजे आहेत."

"मग इथे काय बसलाय? बारा वर्षं माझे कप वाजवलेत. आता त्यांचं दार वाजवा."

टाकीमागची गल्ली अरुंद होती. बाईंच्या घराचं दार उघडंच होतं, आत मशीन चालू होतं. बाईंचे केस पांढरे झाले होते, पण त्यांनी त्याला लगेच ओळखलं.

"अहो, सायकलवाले काका! या ना. बसा, ते कपडे बाजूला करा."

त्यांनी खुर्ची रिकामी केली, पाणी दिलं. फिटरने पिशवी मांडीवर धरून ठेवली होती.

"तुमची सायकल भंगारात बघितली," तो म्हणाला.

बाईंचा चेहरा पडला. "तुम्हाला वाईट वाटलं असेल. इतकी छान करून दिली होतीत. तुमचा काही दोष नाही हो, मीच घात केला. तुम्ही महिन्याने बोलावलं होतंत, कामाच्या गडबडीत आले नाही. मग एक दिवस वडिलांना मागे बसवून डोळ्याच्या डॉक्टरकडे निघाले होते. उतारावर एक कुत्रं आडवं आलं आणि मी ब्रेक दाबला. जास्तच जोरात दाबला. पुढचं चाकच निखळलं. मला खरचटलं नुसतं, वडिलांचं खुब्याचं हाड मोडलं. सहा महिने अंथरुणात होते. त्यातून उठले नाहीत."

मशीनवर अर्धी शिवलेली बाही होती. त्या तिची शिवण नखाने दाबत होत्या.

"भाऊ म्हणाला, म्हाताऱ्या माणसाला असं नेतात का, ब्रेक कसा मारायचा ते कळत नाही का. तेव्हापासून बोलत नाही. दोन गल्ल्या पलीकडे राहतो. त्याचंही बरोबर आहे म्हणा. माझ्या हाताला अजून तो ब्रेक आठवतो. रोज आठवतो."

फिटरला एकदम कळलं की इथून उठून जाता येईल. कुणालाही काही माहीत नाही. बाई त्याला दोष देत नाहीत, उलट पाणी देतात. पिशवीतला पाय परत दिला की भंगारवाला लोखंड वितळवायला पाठवेल आणि पितळेचा तो नखाएवढा तुकडाही जाईल. त्याला आपल्याच मनाची किळस आली.

त्याने पिशवीतून तुटका पाय काढून मशीनवर ठेवला.

"बाई, हे बघा. हे पिवळं दिसतंय तेवढीच माझी झाळ लागली होती. बाकी चीर तशीच होती. ब्रेक दाबला नसतात तरी हा तुटलाच असता. आज नाही तर उद्या, उतारावर नाही तर सपाटीवर."

बाईंनी ती कड निरखून बघितली. बोट लावलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मी दारात उभी होते तेव्हा?"

"तेव्हाच वाजवून बघितला होता. बद्द वाजला. तुम्हाला सायकलीची घाई होती, मी शब्द देऊन बसलो होतो, म्हणून मी..."

बाईंनी कडेवरचं बोट काढून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मला कसली घाई? मी तर चालत पोचवत होते कपडे. अजून महिनाभर चालले असते."

फिटरला रडू येत होतं आणि रडायचा आपल्याला हक्क नाही असंही वाटत होतं. बाईंनी त्याला शिव्या द्याव्यात म्हणून तो वाट बघत राहिला. त्यांनी शिव्या दिल्या नाहीत आणि माफही केलं नाही. त्या उठल्या, मशीनवर कापड टाकलं, चपला घातल्या आणि तो तुटका पाय उचलून त्याच्या हातात दिला.

"चला."

"कुठे?"

"भावाकडे. मला सांगितलंत तसंच त्याला सांगा. एक शब्द कमी नाही. तो तापट आहे, हात उचलेल कदाचित."

"उचलू दे."

त्या पुढे, तो मागे, असे ते दोन गल्ल्या चालले. वाटेत कुणाच्या तरी सायकलीची घंटी वाजली आणि दोघांनीही एकदमच मागे वळून बघितलं. एक बाई भाजीची पिशवी अडकवून सावकाश निघून गेली. दोघं पुन्हा चालायला लागले.

निळ्या दारासमोर बाई थांबल्या. त्यांचा हात वर गेला आणि तसाच राहिला, म्हणून फिटरने कडी वाजवली. दार उघडणारा माणूस पन्नाशीचा होता, हातात वर्तमानपत्र. त्याने बहिणीला बघितलं, तोंड फिरवलं आणि दार लोटायला लागला.

फिटरने तो तुटका पाय दाराच्या फटीत घातला.

"ब्रेक तुमच्या बहिणीने बरोबर दाबला होता," तो म्हणाला.