पोर्टफोलिओतला धुरा

कृषी कॉलेजच्या ई-पोर्टफोलिओत स्वतः केलेल्या शेतकामाचा व्हिडिओ टाकून खाली ‘काय शिकलो’ ते लिहायचं होतं. मी कामठ्याच्या शेतात मोबाईल झाडाला बांधला आणि आमच्या नि शेजारच्या काकाजींच्या धानाच्या बांधीमधला वाकडा धुरा, म्हणजे सामाईक बांध, फावड्याने सरळ छिलायला लागलो.

काकाजी धावत आले. “माहा धुरा काऊन कापून राहिला बे?” म्हणत त्यांनी माझ्या खांद्यावर काठी हाणली. मागून आलेल्या बाबांनी तीच काठी हिसकून त्यांचं डोकं फोडलं. मोबाईल चालूच होता.

व्हिडिओ पाहून कॉलेजचे सर म्हणाले, “मारामारी काढून टाक. नोकरी देणारे पाहतात.”

माझं डोकं फिरलं. व्हिडिओ तसाच ठेवला आणि खाली लिहिलं : “धुरा छिलताना दोन्ही घरचे समोर उभे असावे लागतात. हे तुम्ही शिकवलं नव्हतं.”