परीक्षा होईपर्यंत सांगू नका

सुलतानाला जाऊन आता महिना होत आला. नर्सिंगच्या पहिल्या वर्षी हॉस्टेलवर आम्हाला एकच खोली मिळाली, तेव्हापासूनची आमची मैत्री. शेवटची भेटले तेव्हा ती उशीला टेकून बसली होती. मला बघून म्हणाली, "तोंड का पाडलंयस? पेशंट मी आहे, तू नाहीस."

तिचं माहेर मंडईमागे. अब्बांचं बांगड्यांचं दुकान. हॉस्टेलवरून चालत जावं इतक्या अंतरावर, तरी घरचं तिला काही कळत नसे आणि तिचं घरी. आम्हा सगळ्याच मुलींचं तसं होतं. वॉर्डात रडून आलेली मुलगी फोनवर "छान चाललंय" म्हणे, आणि तापाने फणफणलेली आई पलीकडून "आमचंही छान" म्हणे. माझ्या आईचं तर ठरलेलं, "जेवलीस ना? मग बाकी काय बिघडतंय!" दोन्हीकडून थापा आणि दोन्हीकडून मायाच.

दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेच्या तोंडावर अब्बांना अर्धांगवायूचा झटका आला. मोठा भाऊ रविवारी पेरू घेऊन यायचा आणि "अब्बा दुकानात आहेत" सांगून जायचा. त्याच दिवसांत सुलताना वॉर्डात अशाच एका आजोबांना चमच्याने पेज भरवत होती. शेवटचा पेपर देऊन ती घरी गेली तेव्हा अब्बा जिवंत होते, पण दुसऱ्या झटक्यात त्यांची वाचा गेली होती. त्याआधी काही दिवस ते बोलत होते, तिलाच हाका मारत होते, असं अम्मीने रडत रडत सांगितलं. सुलताना कोणावर ओरडली नाही. मला एवढंच म्हणाली, "पास होईन गं मी. पण अब्बा आता मला कधीच हाक मारणार नाहीत..."

पुढे ती नर्सिंगच्या मुलींना शिकवू लागली. नवीन मुलींना पहिल्याच आठवड्यात घरी फोन लावायला सांगायची, "काही झालं तर मला खरं सांगा, मीही सांगेन," असा शब्द घ्यायला. पालक चिडायचे. "मॅडम, पोरीचा अभ्यास बिघडंल की हो!" असं एका वडिलांनी सुनावलं. ही शांतपणे म्हणाली, "अभ्यास पुन्हा करता येतो, काका."

दुसऱ्यांना सांगणं सोपं असतं. तिची मुलगी सना लोणी काळभोरच्या हॉस्टेलवर, नर्सिंगच्याच शेवटच्या वर्षाला. आईचा आजार तिला माहीत होता, डॉक्टरांनी हात टेकलेत हे माहीत नव्हतं. परीक्षा तोंडावर आलेली. सुलतानाचे पती युसूफभाई माझ्यादेखत तिला विनवत होते, "एवढे पेपर होऊ दे गं. पोरीचं वर्ष जाईल." मला वाटलं, ती ऐकेल. शेवटी आईच ती. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "फोन लाव." मी लावून तिच्या हातात दिला. "सना, मी यातून उठणार नाही. परीक्षा द्यायची की इकडे यायचं, तू ठरव."

सना संध्याकाळच्या आत आली. तिचं वर्ष गेलं. उरलेले दिवस मायलेकी बोलत होत्या, हसत होत्या, एकदा तर चांगल्या कडाकडा भांडल्या. युसूफभाई दाराशी उभे राहून ते भांडण ऐकत होते आणि डोळे पुसत होते.

परवा सनाचा फोन आला. मी विचारलं, "कशी आहेस गं?"

"बरी नाही, मावशी. अम्मीचं कपाट आवरायला काढलं, पहिल्याच साडीवर अडकलेय. तू कशी आहेस?"

"ठीक आहे" ओठांवर आलंच होतं. गिळलं मी ते. म्हटलं, "मीही बरी नाही, सना. तिच्याशिवाय मला करमत नाही. येते मी, थांब."